कासवं, प्रवाळ आणि परदेशी किनारा: बेळगाव-खानापूर-निपाणीकडून स्वयंसेवक म्हणून जायचं तर

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

उष्ण कटिबंधातल्या एखाद्या परदेशी किनाऱ्यावर समुद्री कासवं किंवा प्रवाळ यांच्या संवर्धनासाठी दोन-तीन महिने स्वयंसेवक म्हणून जायचं, यावर इथे सुटे सुटे प्रश्न येतात आणि उत्तरं विखुरतात. म्हणून हा एकच धागा काढतोय. आपल्या भागातल्या माणसाला समुद्र घाटाखाली, पोहणं शिकलेलं विहिरीत, आणि कागदपत्रं निम्मी कानडीत. पुण्या-मुंबईला लागू पडणारी माहिती आपल्याला तशीच्या तशी चालत नाही. प्रकल्प कसा पारखायचा, इथूनच काय शिकून जायचं, तिथे रोज हातून काय काम होतं आणि ते कुठे बिघडतं, हे जाणकारांनी नेमकं लिहावं. प्रवासवर्णनं नकोत, कामाचं लिहा.

जांबोटी_घाट

कासवांपासून सुरू करतो, कारण त्याला डायव्हिंग लागत नाही.

आधी हंगाम. कोस्टारिकात तोर्तुगेरोला हिरवी कासवं साधारण जुलै ते ऑक्टोबर अंडी घालतात, लेदरबॅक मार्च ते जून. आपल्या कोकण-कारवारच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च येतात. म्हणजे हिवाळ्यात इथे शिकून पावसाळ्यात तिकडे जाता येतं. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी, गोव्यातलं मोरजी, आगोंद, गालजीबाग आणि होन्नावरजवळचं कासरकोड टोंका ही सगळी ठिकाणं आपल्याला घाट उतरलं की जवळ. मात्र वनखात्याच्या परवानगीने चाललेल्या कामातच सामील व्हा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आपल्याकडे येणारी पाचही समुद्री कासवं आहेत. परवानगीशिवाय अंड्याला हात लावणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

रात्रीची गस्त म्हणजे गडद कपडे, लाल दिवा आणि तोही गरजेपुरताच. पांढरी बॅटरी, फ्लॅश, मोबाईलचा पडदा यांतलं काहीही चालत नाही. पाण्यातून वर येणारी मादी उजेड दिसला की अंडी न घालता परत फिरते. माग दिसला तर त्यावर पाय न देता बाजूने जायचं. ती खड्डा खणत असेल तोवर लांब थांबायचं, जवळ जायचं ते अंडी पडायला लागल्यावर, तेसुद्धा मागून. त्या वेळी ती हलत नाही, म्हणून मोजणी तेव्हाच होते. टॅग मारणं बहुतेक ठिकाणी अंडी घालून झाल्यावर, ती वाळू लोटत असताना, आणि फक्त शिकलेल्या माणसाने.

पाठीची लांबी मऊ टेपने घेतात: मानेमागच्या ढालीच्या खाचेपासून मागच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून. टेपखाली वाळू, शेवाळ किंवा बार्नकल (पाठीला चिकटून बसणारे कवचधारी जीव) आलं की माप वाढतं. म्हणून पाठ हाताने पुसून घ्या, तीनदा मोजा आणि तिन्ही आकडे लिहा. मनाने सरासरी काढून एकच आकडा लिहिणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

आता अंडी हलवण्याबद्दल, कारण खरं नुकसान इथेच होतं. भरतीच्या रेषेखाली घरटं असेल, चोरीची किंवा कुत्र्यांची भीती असेल, तरच हलवायचं. उगाच नाही. अंडी घातल्यापासून होईल तितक्या लवकर, शक्यतो दोन तासांच्या आत. काही तासांनी गर्भ अंड्याच्या वरच्या बाजूला आतून चिकटतो, त्यानंतर अंडं फिरलं तर तो सुटून मरतो. म्हणून घरट्यात जी बाजू वर होती तीच वर ठेवून एकेक उचलायचं. हाताला डासांचं मलम किंवा सनस्क्रीन नको, स्वच्छ हातमोजे घालायचे. बादली पायाला आपटत चालायचं नाही.

नवं घरटं मूळच्याच खोलीचं आणि मडक्याच्या आकाराचं: तोंड अरुंद, तळ गोल. ऑलिव्ह रिडलेचं साधारण 45 सेंटीमीटर, लेदरबॅकचं 70 ते 80. सरळ नळीसारखा खड्डा केला तर अंडी एकावर एक चढतात, मध्ये हवा कमी राहते आणि मधली अंडी जातात. दोन घरट्यांत एक मीटर अंतर ठेवा. हॅचरीची (अंडी उबवायला राखलेल्या आवाराची) जागा दर वर्षी बदला किंवा वाळू पूर्ण बदला, नाहीतर मागच्या वर्षीच्या कुजलेल्या अंड्यांची बुरशी पुढच्या घरट्यांत शिरते.

टिळकवाडी

पिल्लं टाकीत ठेवून पाहुण्यांच्या हातून सोडायची, असे कार्यक्रम फोटोंमध्ये बरेच दिसतात. ते चालतं का? आणि नर-मादीचं तापमानावर ठरतं म्हणतात ते कसं?

जांबोटी_घाट

टाकीत ठेवणारा प्रकल्प दिसला तर सरळ सोडून द्या. पिल्लू बाहेर येतं तेव्हा पोटातल्या बलकाची शिदोरी घेऊन येतं. त्या जोरावर ते पहिला दिवसभर न थांबता पोहत किनाऱ्यापासून लांब जातं, कारण शिकारी मासे किनाऱ्यालगतच जास्त असतात. टाकीत दोन दिवस गोल फिरून तो जोर संपला की समुद्रात सोडूनही त्याचा उपयोग नाही. पिल्लं वर आली की लवकरात लवकर, अंधारात किंवा पहाटे सोडायची, आणि वाळूवरून पाण्यापर्यंत त्यांना स्वतःच्या पायांनी जाऊ द्यायचं. दर वेळी त्याच जागेवरून सोडू नका, मासे तिथे वाट बघत थांबतात.

तापमानाचं असं: साधारण 29 अंशांच्या आसपास नर-मादी निम्मे निम्मे. वाळू त्याहून गरम असेल तर माद्या जास्त, थंड असेल तर नर जास्त. फारच तापली तर गर्भच मरतात. म्हणून हॅचरीवर शेडनेट बांधतात आणि अंड्यांच्या खोलीवर तापमान नोंदवणारं यंत्र पुरतात. शेडनेट बांधलं पण नोंदच ठेवली नाही, तर त्या वर्षीची सगळी पिल्लं नर निघाली का, हे कुणालाच कळत नाही. सावलीसुद्धा मोजून द्यायची गोष्ट आहे.

पिल्लं निघून गेल्यावर घरटं उकरून मोजणी करतात. हे काम स्वयंसेवकांकडे हमखास येतं. वास फार येतो, दोन हातमोजे घाला. रिकामी कवचं मोजताना अर्ध्याहून मोठा तुकडा म्हणजे एक अंडं, लहान तुकडे सोडून द्यायचे. न उबलेली अंडी फोडून गर्भ कोणत्या अवस्थेत थांबला ते लिहायचं. सगळी सुरुवातीलाच थांबलेली दिसली तर हलवताना चूक झाली असं समजा. शेवटच्या अवस्थेत थांबलेली असतील तर उष्णता किंवा पाणी साचणं बघा. एका घरट्याची ही वही पुढच्या हंगामातली शेकडो अंडी वाचवते.

सदाशिवनगर_दर्या

प्रवाळाकडे जायचं असेल तर खर्च आणि तयारी दोन्ही वाढतात. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा ओपन वॉटर कोर्स हा किमान. त्यात 200 मीटर न थांबता पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं बघतात, पुढे समुद्रात चार डाईव्ह, आणि 18 मीटरपर्यंतची परवानगी मिळते. सर्व्हेच्या कामाला बरेच प्रकल्प 30 मीटरचा ॲडव्हान्स्डही मागतात. आपल्याला जवळ म्हणजे तारकर्लीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र, आणि मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा ऑक्टोबर ते मे मध्येच उरकायचं.

विहिरीत, मलप्रभेत पोहणाऱ्यांची ताकद चांगली असते, पण डोकं वर काढून पोहायची सवय असते. ती मोडावी लागते. शहरातल्या तलावात आधी महिनाभर मास्क आणि स्नॉर्कल लावून, तोंड पाण्यात ठेवून, सावकाश श्वास घेत पोहा. गोड्या पाण्यात बसवलेलं वजन समुद्रात कमी पडतं. खारं पाणी साधारण अडीच टक्के जड असतं, म्हणजे माणूस आणि सामान मिळून 80 किलो धरले तर समुद्रात दोन किलो शिसं जास्त लागतं. ॲल्युमिनियमचा सिलेंडर डाईव्हच्या शेवटी रिकामा होत हलका होतो, म्हणून वजन तपासायचं ते सिलेंडर भरलेला असताना नव्हे. सिलेंडरमध्ये सुमारे 50 बार दाब उरलेला असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का, ते बघा.

आता सीमाभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायची गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे. डाईव्ह करून विमानात बसू नये हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाट चढणंही त्यातच मोडतं, हे कुणी सांगत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची शिफारस अशी: डिकम्प्रेशन (वर येताना मध्ये सक्तीने थांबणं) न लागलेल्या एका डाईव्हनंतर 12 तास, अनेक डाईव्ह किंवा अनेक दिवस असतील तर 18 तास थांबायचं. ही शिफारस 600 मीटरच्या पुढच्या उंचीला लागू होते, म्हणजे चोर्ला, आंबोली, अनमोड यांतला कोणताही घाट धरून बेळगावला परतणं त्यात आलंच. दुपारी नेत्राणीला दोन डाईव्ह आणि रात्री घरी जेवायला, असा बेत करू नका. खाली मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी निघा. सांधे दुखणं, बधिरपणा, विलक्षण थकवा अशी डिकम्प्रेशनच्या आजाराची (दाब झपाट्याने कमी झाल्याने होणाऱ्या) लक्षणं दिसली तर झोप काढून बरं वाटेल म्हणत थांबू नका. ऑक्सिजन द्या आणि डॉक्टर गाठा.

निपाणीकर

हे बरं सांगितलंत. आमच्याकडची पोरं मालवणला डायव्हिंग करून त्याच रात्री गाडी काढतात की. निपाणी इतकी उंच नसली तरी वाटेत घाट लागतोच. पुढे सर्व्हेचं लिहा. पाण्याखाली नेमकं मोजतात काय?

सदाशिवनगर_दर्या

रीफ (प्रवाळाचा खडक) मोजायची रीफ चेक या संस्थेची पद्धत सांगतो. 1990 च्या दशकात स्वयंसेवकांसाठीच ती बसवली गेली आणि कित्येक देशांत चालते. एकाच खोलीच्या रेषेवर 100 मीटरची टेप टाकतात. त्यावर 20 मीटरचे चार तुकडे, मध्ये पाच-पाच मीटर मोकळे. टेप टाकली की साधारण 15 मिनिटं लांब थांबायचं, घाबरलेले मासे परत येऊ द्यायचे. मग आधी मासे: टेपच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. ग्रुपर 30 सेंटीमीटरच्या वरचेच मोजतात, पॅरटफिश 20 च्या वरचे. पाण्यात मास्कमधून वस्तू सुमारे तेहतीस टक्के मोठी दिसते. त्यामुळे नवखा माणूस 23 सेंटीमीटरचा ग्रुपरसुद्धा मोजून मोकळा होतो. उपाय एकच: स्लेटच्या (पाण्याखाली लिहायच्या पाटीच्या) कडेला सेंटीमीटरच्या खुणा करा, आणि जाण्याआधी पाण्यात लाकडी मासे टांगून लांबी ओळखायचा सराव करा.

माशांनंतर शंख, झिंगे, समुद्री काकडी, काटेरी मुकुट तारामासा यांची मोजणी, आणि शेवटी तळ. तळासाठी दर अर्ध्या मीटरवर दोरीला बांधलेला लहान नट टेपवरून सोडायचा आणि तो ज्यावर टेकला तेच लिहायचं. एका तुकड्यात 40 बिंदू, चारांत 160. इथे दोन घोळ होतात. एक म्हणजे नट वाळूवर पडतो आणि शेजारीच सुंदर प्रवाळ असतं, मग हात आपोआप तिकडे वळतो. तसं झालं की त्या रीफवर आहे त्यापेक्षा जास्त प्रवाळ कागदावर येतं आणि पुढच्या वर्षी ते कमी झालेलं दिसतं, न झालेल्या नुकसानीची नोंद होते. दुसरा घोळ पांढऱ्या प्रवाळाचा. ब्लीच झालेलं प्रवाळ पांढरं दिसतं पण जिवंत असतं, त्याच्या सांगाड्यावर काचेसारखा पातळ जिवंत थर असतो, म्हणून ते कठीण प्रवाळातच मोजायचं. नुकतंच मेलेलं प्रवाळ वेगळ्या खात्यात जातं: त्याची घरं अजून धारदार, स्पष्ट असतात, पण थर नसतो आणि बारीक शेवाळ धरू लागलेलं असतं. शंका असेल तर हात लावून नव्हे, तिरप्या उजेडात जवळून बघून ठरवा.

आणि हे कळलं पाहिजे की ब्लीचिंग म्हणजे रोग नव्हे. प्रवाळाच्या आत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला रंग आणि बरंचसं अन्न देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर एक अंशाने जरी आठवडे-आठवडे राहिलं तरी प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं. लवकर थंडावा आला तर सावरतं, नाही आला तर उपासमारीने मरतं. अमेरिकेची नोआ संस्था उपग्रहावरून या उष्णतेचा हिशेब 'अंश गुणिले आठवडे' अशा मापात मांडते: 4 च्या पुढे ब्लीचिंग, 8 च्या पुढे मोठ्या प्रमाणावर मृत्यूची भीती. एप्रिल 2024 मध्ये चौथी जागतिक ब्लीचिंग लाट जाहीर झाली. तुम्ही जाणार तो महिना आणि ती जागा या नकाशावर आधी बघा, कारण त्यावरूनच तुमचं काम ठरणार आहे. उष्णतेच्या काळात शहाणे प्रकल्प प्रवाळ लावणं थांबवतात आणि नुसतं मोजतात. त्या महिन्यातही लावणीचे पैसे घेणाऱ्यांपासून जपून.

हलशी

प्रवाळ लावण्याबद्दल थोडं. इंडोनेशियात सुलावेसीजवळच्या स्पर्मोंड बेटांवर लोखंडी सळ्यांचे षटकोनी सांगाडे वापरतात, वाळूचा लेप दिलेले. त्यांना रीफ स्टार म्हणतात. एकेकाला 15 तुकडे बांधून ते एकमेकांत अडकवून तळावर जाळं करतात. सुरुंगाच्या मासेमारीने जिथे नुसता खडखडणारा चुरा उरला आहे, तिथे याचा उपयोग होतो, कारण चुरा हलत राहिला की पिल्लू प्रवाळाला पाय रोवता येत नाही.

तुकडा बांधताना केबल टाय घट्टच हवा. सैल राहिला तर लाटेने घासून जखम होते आणि त्यावर शेवाळ बसतं. तुकड्यांना हवा कमीत कमी लागू द्या, पाण्यातच बांधलेलं उत्तम. पुढचं सगळं काम म्हणजे निगा. शेवाळ ब्रशने काढायचं, पण जिवंत भागाला ब्रश लागता कामा नये. प्रवाळ खाणाऱ्या ड्रुपेला गोगलगायी तुकड्याच्या बुडाशी लपतात, त्या शोधून वेचायच्या. किती तुकडे लावले एवढंच सांगणाऱ्याला विचारा, वर्षभराने किती जिवंत होते? ते सांगता आलं पाहिजे.

खारफुटी लावायला बोलावतात तेव्हाही हेच. चिखलाच्या उघड्या पाटावर किंवा समुद्रगवतावर ओळीने रोपं खोचली की फोटो छान येतो आणि रोपं मरतात, कारण तिथे पाणी जास्त वेळ साचतं. आधी भरती-ओहोटीचा बंद झालेला मार्ग मोकळा करावा लागतो. तो झाला की बरेचदा बिया आपल्याआपण येऊन रुजतात.

चिकोडी_शाळा

कागदांचं कुणीतरी सांगा. दहावीच्या मार्क कार्डावर नाव इनिशियलसकट आहे आणि आडनाव पुढे की मागे, तेच कळत नाही.

कॅम्प_पोस्ट

कर्नाटकात शिकलेल्या मराठी मुलांचा हा नेहमीचा अडथळा. पासपोर्टच्या अर्जात इनिशियल चालत नाही, ती उलगडून पूर्ण लिहायची. मार्क कार्ड, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींतलं स्पेलिंग आधी जुळवून घ्या, मगच अर्ज भरा. जुन्या कागदांवर शहराचं नाव जुनं असतं, 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्या सरकारी कागदांवर बेळगावी. त्याने घाबरून जाऊ नका. पण पासपोर्ट हातात आला की तिकीट, व्हिसा, विमा, डॉक्टरचा दाखला, डायव्हिंग कार्ड, सगळीकडे पासपोर्टमधलंच स्पेलिंग अक्षर न बदलता वापरा.

36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, तत्काळ 3500. बेळगावात पोस्टातलं सेवा केंद्र आहे, नाहीतर हुबळी. पुष्कळ प्रकल्प पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात. तो पासपोर्टच्याच संकेतस्थळावरून, फी 500. कानडीतल्या दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर आणि अपॉस्टिल (परदेशात चालणारं प्रमाणीकरण) लागणार असेल तर आधी राज्याची साक्षांकन प्रक्रिया आणि मग परराष्ट्र मंत्रालय असा क्रम आहे, त्याला वेळ ठेवा.

व्हिसाबाबत एकच आग्रह. बिनपगारी काम म्हणजे काम नव्हे, असं कित्येक देश मानत नाहीत. इंडोनेशियात विमानतळावर मिळणाऱ्या पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही. थायलंडमध्येही स्वयंसेवकाला वेगळा व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो. आयोजक म्हणाला "टुरिस्ट म्हणून या, कुणी विचारत नाही", तर त्याच्याकडे सागरी परवानेही नसण्याची शक्यता धरा. कोणत्या व्हिसावर यायचं, हे त्याच्याकडून लेखी घ्या.

डॉ_शहापूर

आरोग्याचं. डायव्हिंगची वैद्यकीय प्रश्नावली खरी भरा. दमा, फिट येणं, कानाचं ऑपरेशन, हृदयविकार यांतलं एक "होय" असलं तरी डॉक्टरची सही लागते आणि ती लागायलाच हवी.

केनियासारख्या पीतज्वराच्या देशात जात असाल तर लस अधिकृत केंद्रातच मिळते. गोव्यात मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात ती देतात. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, म्हणून आधी विचारून जा. दाखला लशीनंतर 10 दिवसांनी लागू होतो आणि आता आयुष्यभर चालतो. दाखल्याशिवाय परत आलात तर इथे उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळीबद्दल डॉक्टरांना "मी डायव्हिंग करणार" हे आवर्जून सांगा. मेफ्लोक्विनने चक्कर आणि मानसिक त्रास होऊ शकतो, म्हणून डायव्हरला ते टाळतात. डॉक्सीसायक्लिनने ऊन जास्त भाजतं.

दगडमासा, लायनफिश किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतकं गरम पाणी, सुमारे 45 अंश, 30 ते 90 मिनिटं. त्यांचं विष उष्णतेने निकामी होतं. पण आधी दुसऱ्याच्या हाताने पाणी तपासा, दुखण्याच्या भरात माणूस स्वतःला भाजून घेतो. बॉक्स जेलीफिशला व्हिनेगर किमान 30 सेकंद, गोडं पाणी अजिबात नाही, त्याने उरलेल्या डंखपेशी फुटतात. प्रवाळाने खरचटलं तर साबण-पाण्याने घासून धुवा, कण आत राहिले तर जखम आठवडे चिघळते.

सनस्क्रीनपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा न्या. पलाऊने 2020 पासून देशभर आणि थायलंडने 2021 पासून आपल्या सागरी उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट असलेली मलमं बंद केली आहेत.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे आभार. एक राहिलं: विमा, आणि आयोजकाला काय काय विचारायचं?

सदाशिवनगर_दर्या

साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग बहुधा वगळलेलं असतं, किंवा खोलीची मर्यादा असते. पॉलिसीत "डिकम्प्रेशन चेंबरचा उपचार" (त्या आजारावर दाबाच्या खोलीत होणारा) आणि "हलवण्याचा खर्च" हे शब्द शोधा. सापडले नाहीत तर डायव्हरसाठीचा वेगळा विमा घ्या.

आयोजकाला विचारा: सर्वांत जवळचा चेंबर कुठे, तिथवर बोटीने किती तास? प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि तो द्यायला शिकलेला माणूस कोण? परवाना कुणाच्या नावावर आहे? आपण लिहिलेले आकडे शेवटी कुणाच्या हातात जातात? स्थानिक मासेमार कामात आहेत का, पगारी की नुसते बोट चालवायला? या शेवटच्या उत्तरावर सगळ्यात जास्त वजन द्या. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर 2004 पासून गावांनी स्वतः ठरवून ऑक्टोपसची मासेमारी काही महिने बंद ठेवायला सुरुवात केली. ते टिकलं, कारण निर्णय गावाचा होता. स्वयंसेवक तीन महिन्यांनी निघून जातो, मासेमार तिथेच असतो.

जांबोटी_घाट

सामानात दोन टूबी पेन्सिली, त्या स्लेटला बांधायला नायलॉनची दोरी, आणि जाड पुठ्ठ्याची एक वही ठेवा. पाण्याखालच्या कागदावर पेन चालत नाही. त्या दिवसाचे आकडे त्याच संध्याकाळी संगणकात भरा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही. आणि कुंदा न्यायचा असेल तर त्या देशाच्या कस्टमचे नियम आधी बघा ताई-दादांनो, दुधाचे पदार्थ काही ठिकाणी विमानतळावरच काढून घेतात. शेंगदाण्याची चटणीसुद्धा फॉर्मवर लिहून जाहीर करा.